जुन्या पद्मिनीला रबर अन् पॅकिंग ओरिजिनलच टाकावं का?

भाऊ, वडिलांची ७८ ची प्रीमियर पद्मिनी मोटार परत उभी करायलात हे वाचून लै बरं वाटलं. तुम्ही विचारलंय की कंपनीची जुनी पाकिटबंद रबरं-पॅकिंग हुडकून टाकावी का आताची बाजारातली चालतील. माझं म्हणणं, आकार ओरिजिनल ठेवा, माल ताजा घ्या. रबर नुसतं पाकिटात पडून बी कडक होतं. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, अन् गाड्या तर त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत गेल्या, मग दुकानदार 'जुना स्टॉक' म्हणून ज्याचे डबल पैसे सांगतो तो माल किती वर्षांचा असंल तुम्हीच बघा. घ्यायच्या आधी रबर दुमडायचं, घडीवर बारीक भेगा दिसल्या की परत द्यायचं, पाकिटावरचा छाप कितीबी भारी असू दे.

काचेची अन् दरवाज्याची रबरं मात्र डोळ्यात भरतात, तिथं अडून बसा. युनिव्हर्सल बीडिंग, म्हणजे कुठल्याबी गाडीला चालतं म्हणून विकतात ती रबरपट्टी, घेऊच नका. जुन्या रबराचा बोटभर तुकडा ब्लेडनं सरळ आडवा कापायचा, कापलेली बाजू स्टॅम्प पॅडवर दाबून कागदावर छाप घ्यायचा, खाच किती, ओठ किती, मधली पोकळी किती सगळं उमटतं, तो कागद घेऊनच दुकानात जायचं. फक्त जुनं रबर आकसलेलं असतं म्हणून काचेची अन् पत्र्याच्या कडेची जाडी वेगळी मोजून सोबत लिहा. मटेरियल ईपीडीएम, म्हणजे उन्हाला टिकणारं रबर, मागा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्या उन्हात साधं रबर लवकर तडकतं.

दरवाज्याला लै कडक रबर लावलं की दार आपटावं लागतं अन् मग मेकॅनिक उगाच बिजागऱ्या ठोकत बसतो. त्यामुळं रबर आधी नुसतं बसवून बघा, चिकटवायचा बॉन्ड नंतर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा अन् ओढा, सगळीकडं सारखी अडली पाहिजे, जिथून सहज निघंल तिथूनच काळ्या रानाची धूळ आत येणार. पुढची काच बसवताना रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची अन् दुसऱ्यानं आतून सुतळी हळूहळू ओढायची, ओठ आपोआप पत्र्यावर चढतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की रबर फाटलंच म्हणून समजा.

इंजिनात हिशोब उलटा. तिथं ईपीडीएम नको, तेलात फुगतं, ऑइल सील नायट्राइलचं, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या रबराचं घ्या. टॅपिट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) अन् चेंबरला (खालचं तेलाचं भांडं) कॉर्कचं, म्हणजे बुचाचंच पॅकिंग टाका, बॉनेट उघडलं की ते दिसतंही बरोबर. कॉर्क वाळून भोकं जुळंना झाली तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, परत फुलतं. आणि लोक म्हणतात कॉर्क गळतं, गळतं कामून तर बोल्ट आवळून आवळून चेंबरचा पत्रा भोकांपाशी दबलेला असतो, तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून सपाट केल्याशिवाय कुठलंच पॅकिंग टिकत नाही. मग मेकॅनिक सिलिकॉनची ट्यूब पिळतो, बाहेर दिसतं तेवढंच आतही लोंबतं, अन् तो तुकडा सुटला की ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. सिलिकॉनचा पातळ हात पुरे.

जुन्या हेड पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून ते कोरडं घासू नका अन् वायर ब्रश तर नकोच, ओलं करून काढा, तोंडाला चांगला मास्क लावा. या एका जागी ओरिजिनलचा हट्ट पार सोडा, बिनॲस्बेस्टॉसचं घ्या.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायलंय, त्यामुळं गाडीतल्या पेट्रोल पंपाचं डायफ्राम (आतला रबरी पडदा) अन् नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच पाहिजेत, व्हायटॉन नावाचं रबर महाग पडतं पण तेच बरं.

ब्रेकचं किट तर नवंच, तारीख बघून. बसवताना बोटाला ब्रेक ऑइलच लावायचं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं की आतली रबरं फुगतात अन् ब्रेक जाम होतात, हे गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा, कारण हाताशी ग्रीसचाच डबा असतो.