‘न्याय करू नका’ या वचनाचा आडोसा

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निःपक्षपातीपणाविषयी असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मंडळीच्या पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सभासद आहे. यंदा कापणीच्या सणातील लिलावाचा हिशेब जुळला नाही. पैसे गोळा करण्याचे काम तरुण संघातील एका मुलाकडे होते. तो बांधकामावर मजुरी करतो. पुढे ती रक्कम खजिनदारांकडे गेली. खजिनदार निवृत्त शिक्षक असून चर्चची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली आहे. कोणतीही चौकशी न होता मुलाला उपासनेत गीते चालवण्यापासून थांबवण्यात आले. दोघांचेही कागद पाहावेत असे मी सुचवले, तेव्हा ‘न्याय करू नका असे प्रभूनेच सांगितले आहे’ हे उत्तर मिळाले. मला त्या गरीब मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. माझे काही चुकते आहे काय?

उत्तर : बंधू, आपल्या कमिटीने न्याय आधीच करून टाकला आहे. ज्या रविवारी त्या मुलाला गीते चालवू दिली नाहीत, त्याच रविवारी निकाल लागला आणि तो साऱ्या मंडळीने पाहिला. आता लागलेला निकाल कोणी तपासू नये, एवढ्यासाठी प्रभूच्या वचनाचा आडोसा घेतला जात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हे वचन जिथे येते तिथेच, आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढावे म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यासाठी नीट दिसेल, असे प्रभू सांगतो. कुसळ तसेच राहू द्यावे, असे त्याने म्हटलेले नाही. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखण्याची आज्ञा आहे, आणि फळ पारखल्याशिवाय ती पाळता येणार नाही. दुसऱ्याला दोषी ठरवण्याची घाई आणि स्वतःला मोजपट्टीतून वगळण्याची सवय यांना प्रभूने मनाई केली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तर, वरवर दिसते त्यावरून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, असे तो लोकांना स्पष्टपणे सांगतो.

त्याच अध्यायाच्या शेवटी आपल्या कमिटीच्या बैठकीसारखी एक बैठक आहे. येशूला धरून का आणले नाही, म्हणून मुख्य याजक आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचे लोक) शिपायांवर चिडलेले असताना त्यांच्यातलाच निकदेम एवढेच विचारतो की, एखाद्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? हा प्रश्न कार्यपद्धतीचा होता आणि तो येशूवर विश्वास नसलेल्या माणसालाही विचारता आला असता. त्याला उत्तर मिळाले नाही; ‘तूही (येशूसारखा) गालीलाचा आहेस काय?’ असा टोमणा मात्र मिळाला. आपण कागद मागितलेत की ‘तुम्ही त्या पोरांच्या गटातले’ असे आपल्यालाही ऐकावे लागेल, याची तयारी ठेवावी.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील पंधरावे वचन न्यायाच्या वेळी श्रीमंताची भीड धरण्यास जेवढी मनाई करते, तेवढीच गरिबाचा पक्ष घेण्यासही करते. निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातही वादात गरिबाची तरफदारी करू नये ही आज्ञा आधी येते आणि तीनच वचनांनंतर गरिबाचा न्याय विपरीत करू नये ही दुसरी आज्ञा येते. गरिबाविषयी ज्या नियमशास्त्राने शेताच्या कडा न कापता सोडायला लावल्या, त्यानेच न्यायासनावर मात्र दयेला हिशेबात ढवळाढवळ करू दिली नाही. खजिनदार मोठ्या घरचे आहेत म्हणून निर्दोष ठरत नाहीत, तसे ते मोठ्या घरचे आहेत एवढ्याच कारणाने दोषीही ठरत नाहीत. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, दोघातिघा साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दाखल करून घेऊ नये असे सांगितले आहे, म्हणजे अधिकाऱ्यालाही उठवळ बोलण्यापासून संरक्षण दिले आहे. आणि लगेच पुढे, पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यावा व हे सारे पूर्वग्रह किंवा पक्षपात न ठेवता करावे, असेही बजावले आहे. आपल्या कमिटीने यातले साक्षीपुराव्याचे संरक्षण खजिनदारांना दिले. मुलाच्या वाट्याला ते आले नाही. तेव्हा मुलाची बाजू घेण्याऐवजी दोघांचेही ऐकून घेण्याची मागणी करा आणि ती सोडू नका.

प्रत्यक्षात काय करावे, हेही विचारले आहे असे समजून लिहितो. लिलावाच्या वेळची यादी, पावतीपुस्तक आणि खजिनदारांच्या वहीतील नोंद ही तिन्ही एकाच बैठकीत समोर ठेवावीत, दोघांनाही आपापले म्हणणे लेखी देऊ द्यावे आणि दोघांच्याही नातेवाईकांनी त्या बैठकीत बसू नये. चौकशी पूर्ण होईपर्यंत एकाला सेवेतून बाजूला ठेवायचे असेल, तर दुसऱ्यालाही ठेवावे. निकाल काहीही लागो, तो रविवारच्या उपासनेतच जाहीर व्हावा, कारण संशय तिथेच पसरला आहे. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल, तर हिशेब ठेवणे हे कायद्यानेही बंधनकारक आहे, आणि ते दाखवण्याची मागणी म्हणजे कोणाचा अपमान नव्हे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ पाठवला आणि कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून आपण ही काळजी घेतो, असे करिंथकरांना लिहिले (दुसरे पत्र, आठवा अध्याय). पौलालाही जिथे स्वतःच्या नावावर विसंबावेसे वाटले नाही, तिथे आपल्या मंडळीने लिलावाचे पैसे एकाच मुलाच्या हाती का दिले, हाही प्रश्न त्या बैठकीत निघायला हवा.

प्रश्न : नाताळच्या कार्यक्रमाला आम्ही आमदारांसाठी आणि नगरसेवकांसाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवतो. याकोबाच्या पत्राप्रमाणे हे पाप आहे काय? (पुणे)

उत्तर : पाहुण्याला बसायला जागा देणे हे आतिथ्य आहे. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा मिळते, तेव्हाच मळके कपडे घातलेल्या माणसाला उभे राहायला किंवा पायांपाशी बसायला सांगितले जाते, आणि लेखकाचा रोष त्या तुलनेवर आहे. राखीव खुर्चीसाठी एखाद्या म्हातारीला उठवले जात असेल, किंवा नगरसेवकांच्या भाषणासाठी लहान मुलांचे नाटक कापले जात असेल, तर याकोबाचे वचन आपल्याला लागू पडते. अन्यथा खुर्ची ठेवा आणि भाषण आटोपशीर ठेवा.

प्रश्न : मला दोन मुलगे आहेत. धाकट्याच्या शिक्षणासाठी आम्ही कर्ज काढले. थोरल्याच्या वेळी त्याची गरज पडली नव्हती. आता थोरला म्हणतो की, ख्रिस्ती आई असून तू भेदभाव करतेस. (सोलापूर)

उत्तर : ताई, सर्वांना सारखेच देणे म्हणजे निःपक्षपात, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून दिले जाई. पुढे ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती कुरकुर म्हणून झटकली नाही, तर त्या कामासाठी सात जण नेमले, आणि त्या साऱ्यांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे गरज मोजावी आणि तक्रारही ऐकावी. शास्त्राचा आक्षेप आहे तो लाडावर. इसहाकाचा जीव थोरल्या एसावावर आणि त्याची बायको रिबका हिचा धाकट्या याकोबावर होता (पत्र लिहिणारा याकोब वेगळा), आणि त्या घरात वाढलेल्या याकोबाने पुढे आपला लाडका मुलगा योसेफ याला वेगळा अंगरखा करून दिला. दोन पिढ्यांच्या या लाडाची किंमत मुलांनी मोजली. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात दोन बायका असलेल्या पुरुषाला नावडतीच्या थोरल्या मुलाचा वाटा आवडतीच्या मुलाला देण्यास मनाई आहे, कारण माणसाचे प्रेम कोणाकडे झुकेल यावर कायदा चालत नाही, पण वाट्यावर चालतो. थोरल्याला त्या वेळी अशी गरज पडली असती तर आपण कर्ज काढले असते काय, हे स्वतःला विचारा. उत्तर होकारार्थी असेल, तर ते त्याला वडिलांसमोर, आकड्यांसह सांगा, आणि कर्ज कोण फेडणार हेही त्याच वेळी ठरवा. थोरल्याची खरी चिंता बहुधा तीच असावी.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या वधू-वर सूचक अर्जात अजूनही ‘पूर्वीची जात’ असा रकाना आहे. वडीलधारे म्हणतात, ही केवळ माहिती आहे, भेदभाव नाही. आम्ही तरुणांनी काय करावे?

उत्तर : माहिती कशासाठी मागितली जाते, हे वडीलधाऱ्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. कोणाशी लग्न करावे हे मुलाने आणि मुलीने ठरवायचे असते, त्यात मंडळीने जबरदस्ती करू नये. पण मंडळी स्वतःच्या छापील अर्जावर हा रकाना ठेवते, तेव्हा ती निवड तिने आधीच करून ठेवलेली असते. आपल्या पत्रात याकोबाने पक्षपाताला चालीरीत म्हटलेले नाही, पाप म्हटले आहे.

हा आजार नवा नाही, आणि समजूतदार माणसांनाही तो जडतो. देव पक्षपाती नाही हे कैसरीयात कर्नेल्य या परराष्ट्रीय माणसाच्या घरी मान्य करणारा प्रेषित पेत्रच पुढे अंत्युखियात यरुशलेमहून काही यहूदी लोक येताच परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, आणि त्याच्यामागे पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा गेला. पेत्राचे मत बदललेले नव्हते. आपल्या लोकांची भीती होती, असे पौल गलतीकरांना लिहितो. पौलाने त्याला सर्वांसमोर विरोध केला, कारण जेवण सर्वांसमोर मोडले होते. आपल्या देशातही तंजावरच्या जुन्या मंडळ्यांमध्ये जातीप्रमाणे वेगळी बसण्याची जागा आणि प्रभुभोजनाचा वेगळा क्रम चालत आला होता. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद मंडळीतून ताबडतोब व कायमचा काढून टाकावा, असे पत्र पाठवले. बऱ्याच उच्चजातीय ख्रिस्ती कुटुंबांनी ते मानले नाही आणि ती मंडळीपासून दूर झाली. विल्सन यांची पद्धत कठोर होती, एवढा आक्षेप घेता येतो. परंतु सगळे जण राहावेत म्हणून एका गटाला पंगतीच्या शेवटी बसवत राहणे हा त्याहून सौम्य मार्ग होता, असे मला वाटत नाही.

रकाना काढण्याचा लेखी ठराव वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर येईल अशा बेताने आधीच सेक्रेटरींकडे द्या. त्यापूर्वी पाळकांना भेटा, म्हणजे आपण त्यांना सभेत अडचणीत आणले असे होणार नाही. ठरावाला अनुमोदन देण्यासाठी मात्र ज्या घरांतून विरोध अपेक्षित आहे, त्यांतलाच एखादा तरुण किंवा तरुणी शोधा.