ओल्या बागेत मिनी ट्रॅक्टरचे चाक फिरते : साखळी लावावी की वजन वाढवावे?

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार) : ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीसाठी (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) फवारणी थांबवता येत नाही. काळ्या जमिनीत ब्लोअर (टाकी असलेले फवारणी यंत्र) ओढताना मिनी ट्रॅक्टरची मागची चाके जागेवरच फिरतात. वजन वाढवायला टायरमध्ये पाणी भरू का? टायरवर साखळी लावू का?

उत्तर : तुमची घाई समजते, पण आधी खाली उतरून टायर बघा. नक्षीच्या खाचा चिकणमातीने गच्च भरून टायर गुळगुळीत झाला असेल, तर वजन वाढवून पकड येणार नाही. उलट चाक आणखी रुतेल आणि मुळांजवळची माती दाबली जाईल. तो दाब पुढच्या हंगामातही नडतो. ओळीतली वीतभर खोलीची माती मुठीत दाबा. तिचा गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा (कामाला योग्य ओल) आला समजा. चपटा होऊन चिकटला तर ट्रॅक्टर आत घालू नका. थांबणे शक्यच नसेल तर टाकी अर्धी भरून दोन खेपा करा. सहाशे लिटरच्या टाकीत अर्धे पाणी कमी घेतले की तीनशे किलो ओझे उतरते. दोन ओळींमधले गवत उपटून न काढता कापून ठेवले, तर पावसात तेच चाकाला आधार देते.

वजनाचा खरा उपयोग वाफशावर, कल्टिव्हेटर किंवा ट्रॉली ओढताना होतो. (रोटाव्हेटरची पाती ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात, त्यासाठी वजन लागत नाही.) चाक किती घसरते ते मोजून बघा. टायरवर खडूची खूण करा. चाकाचे दहा फेरे बिनओझ्याने आणि दहा ओझ्यासह चालवून दोन्ही अंतरे मोजा. तीस मीटरचे सव्वीस झाले तर घसरण सुमारे 13 टक्के. 15 टक्क्यांपर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर पाणी भरा. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच पाणी भरा, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश टायर भरतो. उरलेल्या जागेत हवा, दाब पुस्तिकेप्रमाणे. दोन्ही चाकांत सारखेच पाणी हवे.

साखळी मुरमाड चढावर, ओल्या गवतावर चांगली धरते. तुमच्या चिकणमातीत ती दोन ओळींतच माखून जाईल, म्हणून तुम्हाला सुचवत नाही. ज्यांना लावायची आहे त्यांनी दोन्ही मागच्या चाकांना लावावी, मडगार्डला घासत नाही ना ते हाताने चाक फिरवून बघावे, थोडे चालवून पुन्हा ताणावी. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी काढावी.

डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) सरळ ओळीतच वापरा, वळण्याआधी सोडा. आणि एक कळकळीची विनंती : ट्रॅक्टर रुतला तर मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून पुढे काढू नका. ओंडका अडला की चाक थांबते, ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकावर उलटतो. ब्लोअर सोडा, चाकामागची माती फावड्याने काढा आणि रिव्हर्समध्ये बाहेर या.