टीव्ही काढण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

घरातला टीव्ही कायमचा काढून टाकण्याचा तुझा विचार पत्रातून कळला. विचार चांगला आहे; परंतु येत्या रविवारीच संच भिंतीवरून उतरवण्याची घाई करू नकोस. घरच्यांना विश्वासात न घेता काढलेला टीव्ही दोन-चार महिन्यांत परत येतो, आणि बहुधा आधीपेक्षा मोठा येतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच चाले आणि मग संपून जाई. कुठे थांबायचे हे घराला ठरवावे लागत नसे. आता ते आपल्यालाच ठरवावे लागते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ते सर्वांनी मिळून ठरवले. तेथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती दिलेले मोबाइल शाळा भरू लागल्यावरही सुटेनात, हे त्यामागचे मोठे कारण होते. या उपक्रमातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट म्हणजे टीव्हीबरोबर मोबाइलही बंद ठेवणे, कारण सगळ्या मालिका आता मोबाइलवरही दिसतात आणि भिंतीवरचा पडदा गेला तर घरातला प्रत्येक जण आपापला पडदा घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसेल. त्यापेक्षा एकत्र बसून पाहिलेला टीव्ही परवडला.

आता तुझ्या आईबद्दल. मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मालिका चालू असताना त्या मेथी निवडत होत्या. नजर बहुतेक वेळ जुडीवरच होती, पडद्याकडे त्या मधूनच, संवाद चढला की बघत. त्यांना मालिकेपेक्षा घरात माणसांचा आवाज हवा आहे, असे मला वाटते. तू आणि सूनबाई कामावरून यायला आठ वाजतात, नातवंडे शिकवणीला जातात. तोवर त्या घरात दुसरे कोण बोलते? म्हणून त्यांची एक मालिका, त्या म्हणतील ती, खुशाल राहू दे, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी तू लवकर घरी येऊन त्यांच्यासमोर लसूण सोलायला बस. हे संच काढण्याहून अवघड आहे.

त्याआधी स्वतःच्या पाहण्याला हात घाल. मालिकांना नावे ठेवणारे आपण पुरुष रात्री वृत्तवाहिन्यांवरचा कलकलाट मात्र ‘माहिती’ म्हणून तासभर ऐकतो. बातम्यांना सकाळचे वर्तमानपत्र आणि आकाशवाणीचे प्रादेशिक बातमीपत्र पुरते. क्रिकेटचा सामना असेल तर सरळ शेजारी जाऊन पाहा. तेवढेच येणे-जाणे वाढेल.

जेवणाची ताटे टीव्हीसमोर न्यायची नाहीत, हा नियम मात्र आजपासूनच लागू कर आणि त्याला पाहुण्यांचाही अपवाद ठेवू नकोस. सोफा पडद्याकडे तोंड करून आहे, तो वळव. डिशचे रिचार्ज संपले की लगेच न भरता आठवडाभर तसेच राहू दे, म्हणजे कोणाला खरोखर काय हवे होते ते आपोआप कळेल. मग संचाचे काय करायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि त्या चर्चेत पहिला शब्द आईंचा असू दे.

तुझा हितचिंतक