वर छत असलेल्या पार्किंगच्या फरशीला ढाळ द्यावा लागतो का? किती द्यावा?

हो, द्यावाच लागतो. तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगचं, म्हणजे बिल्डिंगखाली कॉलमांमधल्या पार्किंगचं, ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेली काँक्रीटची फरशी) नव्याने करायचंय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय वर स्लॅब आहे तर सरळ लेव्हलमध्ये टाकू. हे अजिबात मान्य करू नका. मी नाशकात बांधकामाच्या साइटवरच असतो, अशी पार्किंग खूप बघितलीत, छत असलं तरी पाणी येतंच, फक्त डोक्यावरून येत नाही एवढंच. पश्चिमेकडून वाऱ्यासोबत सर आली की बाहेरच्या दोन गाड्यांपर्यंत फरशी भिजते, ओल्या गाड्या आत येऊन निथळतात, सकाळी गाड्या धुतल्या जातात, टाकी ओव्हरफ्लो होते आणि सगळ्यात मोठं म्हणजे गच्चीचे पाइप, जे बऱ्याच बिल्डिंगमध्ये खाली साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, तसेच सोडलेले असतात. ३०० चौरस मीटर गच्ची आणि तासाला ५० मिमीचा पाऊस धरला तर तासाला १५,००० लिटर पाणी त्या पाइपातून खाली येणार, आणि मार्जिन पार्किंगपेक्षा उंच असेल तर ते तुमच्या गाड्यांखालीच येऊन बसणार. म्हणून आधी ते पाइप थेट चेंबरला जोडून घ्या, फरशीचं नंतर.

ढाळ किती, तर आत शंभराला एक. म्हणजे मीटरमागे १० मिमी, दहा फुटांना साधारण सव्वा इंच. बाहेरच्या उघड्या मार्जिनला पन्नासाला एक, आणि तो बिल्डिंगपासून लांब जाणारा. काही जण ड्रॉइंगवर दोनशेला एक लिहितात, कागदावर पाणी वाहतं पण साइटवर नाही, कारण ३ मीटरला तो ढाळ होतो फक्त १५ मिमी आणि हाताने फिनिश केलेल्या काँक्रीटमध्ये ५ मिमी इकडेतिकडे सहज होतं, म्हणजे तिसरा हिस्सा तिथेच गेला. उलट ढाळ फार वाढवला की स्टँडवरच्या दुचाक्या घसरतात, आजी-आजोबांना ओल्या फरशीवर चालायला भीती वाटते, त्यामुळे आत पन्नासाला एकच्या पुढे जाऊ नका. फिनिश गुळगुळीत नको, वरून झाडू मारून खरबरीत ठेवायला सांगा.

आता खरी गोष्ट, जिच्यावर सगळं काम अवलंबून आहे. लेव्हल फरशीपासून नाही, पाणी शेवटी जिथे जाणार तिथून काढायची. रस्त्यावरच्या पावसाळी गटाराच्या चेंबरचा तळ आधी मोजा. नाशकात बऱ्याच रस्त्यांवर काँक्रिटीकरण होऊन रस्ता प्लॉटपेक्षा वर आलाय, तुमच्याकडे तसं असेल तर गेटवर आडवी जाळीची चर लागेलच नाहीतर रस्त्याचंच पाणी आत येईल. चेंबरचा तळ, तिथून मागे येत चरीचा तळ, तिथून फरशीची कड, आणि सगळ्यात उंच जागा लिफ्ट आणि जिन्याची, कारण लिफ्टचा खड्डा फरशीच्या खाली असतो आणि त्यात एकदा पाणी उतरलं की खर्च मोठा होतो. मीटर रूमही त्याच उंच बाजूला धरा. मग लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) प्रत्येक कॉलमवर एकाच उंचीची लाइन मारून घ्या आणि तिच्यापासून खाली मोजा, समजा लिफ्टजवळ १.०० मीटर असेल तर ६ मीटरवरच्या चरीपाशी १.०६ यायला हवं. गवंड्याला हे कॉलमवर खडूने लिहून द्या, तोंडी सांगितलेला ढाळ काँक्रीट ओतताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

चर ड्राइव्ह-वेच्या मधोमध नको, कडेला घ्या, जाळी चाकांना आडवी बसवा म्हणजे सायकलचं चाक अडकत नाही. चरीच्या तळालाही ढाळ लागतो, हे बरेच जण विसरतात आणि मग तिथे डास होतात. आणि चरीचं पाणी बोअरवेलच्या रिचार्ज खड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, सोडू नका, त्यात गाड्यांचं ऑइल असतं. खड्ड्यात सोडायचंच तर फक्त गच्चीचं स्वच्छ पाणी जाऊ द्या.

तुमच्या भागात खाली काळी माती निघाली तर ती काढून मुरूम भरा, थर देत पाणी मारून रोलर फिरवा, मग सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट). काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर टाकलेली फरशी दोन पावसाळ्यांत कुठे बसेल सांगता येत नाही आणि जिथे बसली तिथे ढाळ उलटा होतो. ट्रिमिक्सचे जॉइंटही, म्हणजे फरशीतल्या सरळ खाचा, दुसऱ्या दिवसापर्यंत कापून घ्यायला सांगा, नाहीतर चीर तिला हवी तिथे पडते.

कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक ओळ टाका: शेवटचं बिल पाणी ओतून बघितल्यावरच. पाइप लावून सगळी फरशी भिजवायची, अर्ध्या तासाने फिरून बघायचं, जिथे थारोळं राहिलंय तिथे खडूने गोल करून फोटो काढायचा आणि तेवढं त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचं. हे गाड्या परत आत यायच्या आधी करा, एकदा गाड्या लागल्या की रिकामी फरशी बघायला मिळत नाही.