सारखा आजारी पडतो. प्रतिकारशक्ती वाढवायला कोणत्या गोळ्या घेऊ?

गोळ्यांआधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, ड जीवनसत्त्व. कमतरता असेल तरच पूरक गोळ्यांचा खरा उपयोग. जास्तीचं क जीवनसत्त्व तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. झिंकबाबत मात्र फार सावध राहा. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त बरेच महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रतिकारशक्ती उलट खालावते. जेवणात आधी प्रथिनं वाढवा (कडधान्यं, अंडी, दूध, मासे), कारण अँटिबॉडी प्रथिनांच्याच बनतात. वजन घटतंय, ताप रेंगाळतोय किंवा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतोय? मग आहाराचे प्रयोग करत थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.