वाचकांचे प्रश्न : जत्रेत महापालिकेचे काम कोणते, स्वयंसेवकांचे कोणते?

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या नागरिक मंडळाने येत्या जानेवारीपासून दरवर्षी दोन दिवसांची जत्रा भरवायचे ठरवले आहे. चादरी-टॉवेलचे विणकर, बचत गटांची शेंगाचटणी व कडक भाकरी, मुलांचे खेळ असा बेत आहे. महापालिकेने मैदान द्यावे, बाकीचे आम्ही स्वयंसेवक पाहून घेऊ, असा आमचा विचार आहे. हे वाटप योग्य ठरेल का?

उत्तर : आपला उत्साह मनापासून आवडला, मात्र ‘बाकीचे आम्ही पाहून घेऊ’ हे वाक्य आपण अर्जात लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या ‘बाकीच्या’त वीज, आग, गर्दी आणि रुग्णवाहिका येते. जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे पगारी, नेमलेला आणि जाब विचारता येईल असा अधिकारीच जबाबदार असला पाहिजे. स्वयंसेवकाने त्याला मदत करावी, पण त्याची जागा घेऊ नये.

नमुना शोधायला आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत ७ नंदीध्वजांची मिरवणूक, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्याजवळचा अक्षता सोहळा, होम मैदानावरील होमप्रदीपन आणि त्यानंतरचे शोभेचे दारूकाम हे सारे परंपरेने ज्यांच्याकडे आहे तेच पार पाडतात. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त उंच नंदीध्वज पेलतात ते सेवा म्हणून, आणि त्यासाठी आधीपासून सरावही करतात. परंतु ध्वज पेलणाऱ्या भक्तालाच कोणी वाहतूक अडवायला किंवा मार्गावरची लोंबती तार उचलून धरायला सांगत नाही. बंदोबस्त पोलिसांचा, स्वच्छता महापालिकेची, धार्मिक विधी देवस्थान आणि मानकऱ्यांचे, ही विभागणी लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. नव्या जत्रेला अशी परंपरा नसते, म्हणून तिथे विभागणी कागदावर उतरवावी लागते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ६३ नुसार सार्वजनिक स्वच्छता, दिवाबत्ती आणि अग्निशमन ही महापालिकेची बंधनकारक कामे आहेत. त्यामुळे जत्रेपुरते वाढीव सफाई कामगार, फिरती शौचालये आणि अग्निशामक बंब मागताना आपण उपकार मागत आहोत असे मानू नये. झोन कार्यालयाबरोबर जो करार कराल त्यात प्रत्येक कामासमोर अधिकाऱ्याचे पदनाम, हजर राहण्याची वेळ आणि तो न आल्यास कोणाला कळवायचे हे लिहून घ्यावे. ‘महापालिका सर्वतोपरी सहकार्य करील’ अशा वाक्याचा ऐन संध्याकाळी काहीही उपयोग होत नाही.

एक गोष्ट मात्र कागदावर सोडू नका. गाळे उभे राहिल्यानंतर, जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, बंब प्रत्यक्ष मैदानात आणायला सांगा. नकाशावर वाट रुंद दिसते. पण एका गाळ्याचा बांबू हातभर पुढे येतो, दुसऱ्याची ताडपत्रीची दोरी खुंटीला आडवी बांधलेली असते, तिसऱ्याने पाण्याचे पिंप बाहेर ठेवलेले असते आणि बंब वळणावर अडतो. तो जिथे अडेल तिथला गाळा त्याच रात्री मागे घ्यावा. सकाळी माल मांडून झाल्यावर गाळेधारकाला हलवणे कोणालाही जमत नाही आणि ते न्याय्यही नाही.

वीज महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेऊनच वापरावी. पाळणे किंवा यांत्रिक खेळ आणणार असाल तर त्यांची तपासणी आणि परवानगी झाल्याशिवाय एकाही मुलाला बसू देऊ नये. पहिल्या वर्षी असे खेळ टाळलेत तर अधिक बरे. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि उघड्यावर तो रात्री १० वाजता बंद व्हावा लागतो.

कचऱ्याविषयी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशी अट घातली की, परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक लोकांचा कार्यक्रम घेणाऱ्याने किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारीही आयोजकानेच घ्यावी. इथे स्वयंसेवकांचा खरा उपयोग होतो. डब्यावर पाटी लावून कचरा वेगळा होत नाही. डब्याजवळ उभे राहून ‘पत्रावळ इकडे, बाटली तिकडे’ असे गोड शब्दांत सांगणारे माणूस असले तरच होतो. भरलेले डबे उचलणे मात्र कामगारांचे काम आहे. त्यांना त्या दोन दिवसांचा मोबदला मिळतो की नाही, याची चौकशी मंडळाने अवश्य करावी. जानेवारीत मैदानावर धूळ उडते, तेव्हा पाणी मारावे लागेलच. पण ज्या शहरात घरोघरी नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते तिथे पिण्याचे पाणी मातीवर मारणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी बोअरचे पाणी मागावे.

प्रश्न : आमचा महिला गट पूर्व भागात एका जत्रेत मदत करतो. गाळ्यांच्या जागेचे शुल्क महापालिकेचे असते, तर जेवण आणि मंडपासाठी आम्ही वर्गणी घेतो. गाळेधारकांना दोनदा पैसे मोजण्याचा त्रास नको म्हणून दोन्ही रकमा आमच्या भगिनींनी एकदमच गोळा केल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया असे करू नये. हेतू चांगला असला तरी सरकारी शुल्क आणि वर्गणी एका पिशवीत गेली की पुढे कोणालाही हिशेब नीट देता येत नाही, आणि संशयाचे बोट पैसे हाताळणाऱ्या भगिनीकडेच वळते. जागेचे शुल्क महापालिकेच्या माणसाने महापालिकेच्या पावतीवर घ्यावे. आपण त्याच्या शेजारी टेबल मांडून बसलात तर गाळेधारकाची खेप वाचेल आणि व्यवहारही वेगळे राहतील. वर्गणीसाठी, आपली संस्था नोंदणीकृत नसल्यास, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी आहे. तिचा हिशेब नंतर सादर करावा लागतो, आणि तोच कागद मैदानाच्या फाटकावर लावला तर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना फार बोलावे लागत नाही.

आणखी एक. खाद्यपदार्थ विकणाऱ्या महिलांची अन्न सुरक्षा नोंदणी आहे का, हे आधीच विचारून घ्या आणि नसल्यास अर्ज भरायला मदत करा. दिवसभर विड्या वळून संध्याकाळी गाळा लावणाऱ्या बाईला कार्यालयाच्या फेऱ्या परवडत नाहीत. तिच्यासाठी हे काम करणे ही आपल्या गटाची मोठी सेवा ठरेल.

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या वर्षी भरपूर तरुण मदतीला आले, दुसऱ्या वर्षी मोजकेच उरले. प्रशस्तिपत्रके देऊनही हे का होते?

उत्तर : प्रशस्तिपत्रक कोणाला नको असते असे नाही, पण त्यासाठी कोणी परत येत नाही. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत एकाच फाटकावर उभे केलेला मुलगा पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. चार तासांहून मोठी पाळी देऊ नये, बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडावी लागू नये आणि जेवणाची वेळ ठरलेली असावी. पहिल्यांदा येणाऱ्याला अनुभवी माणसाबरोबर जोडीने ठेवावे.

ज्याला जे येते ते काम त्याला द्यावे, हे सोलापुरात विशेष महत्त्वाचे आहे. हरवलेल्या मुलांच्या कक्षात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे स्वयंसेवक असलेच पाहिजेत. घाबरलेले पाच वर्षांचे मूल परक्या भाषेत आपले नावही सांगत नाही, आणि आपल्या भाषेत कोणी ‘अम्मा कुठे आहे’ असे विचारले की लगेच बोलू लागते. ते मूल कोणाच्या स्वाधीन करायचे हा निर्णय मात्र तिथल्या पोलिसाने घ्यावा. पालक न सापडल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. अशा कक्षात काम केलेली मुलगी पुढच्या वर्षी न बोलावता येते, कारण आपल्यामुळे काय घडले हे तिने पाहिलेले असते.

तरुण गळण्याचे आणखी एक कारण मला वारंवार दिसते. सगळे निर्णय अधिकारी आणि ज्येष्ठ पदाधिकारी घेतात आणि तरुणांना फक्त उभे राहायला बोलावतात. तारीख आणि आराखडा ठरवणाऱ्या बैठकीतच त्यांचे दोन प्रतिनिधी असावेत. जत्रा संपल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा बसावे, कुठे अंधार होता, कुठे पाणी संपले, कुठे गर्दी तुंबली हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे आणि तो कागद झोन कार्यालयात देऊन पोच घ्यावी. एप्रिलपासूनच्या आर्थिक वर्षाचे महापालिकेचे अंदाजपत्रक त्याच सुमारास तयार होत असते, म्हणून जानेवारीची जत्रा असेल तर हा कागद फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी पोहोचवावा.