लेकीसोबत स्पिनिंगचा पहिला क्लास, आणि पोटात आलेला गोळा

पत्र : ताई, मी ४७ वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी. लेकीने माझ्या वाढदिवसाला आम्हा दोघींसाठी इनडोअर सायकलिंगचा, म्हणजे ते स्पिनिंग म्हणतात त्याचा, ट्रायल क्लास बुक केलाय, या शनिवारी. मी वर्षानुवर्षं धड व्यायाम केलेला नाही, बीपीची गोळी चालू आहे, वजनही जास्तच. व्हिडिओ बघितले तर अंधार, मोठ्ठी गाणी आणि सगळ्या सडपातळ पोरी उभ्या राहून पेडल मारतायत. मला मध्येच थांबावं लागलं तर चारचौघांत लेकीची मान खाली जाईल. नाही सांगू का?

उत्तर : अगं, नाही नको सांगूस. ज्या वयात पोरी आयांना टाळतात त्या वयात तुझी लेक तुला स्वतःच्या जगात घेऊन चाललीय, तिला तुझी लाज वाटत असती तर तिने साडी आणून दिली असती आणि विषय संपवला असता. पण ते मान खाली जायचं जे तू मला लिहिलंस ना, ते आज जेवताना तिलाच सांग. म्हणावं, मी पहिल्या वेळी जमेल तेवढंच करणार, बाकी वेळ हळूहळू पाय फिरवत बसणार, तू माझ्याकडे बघत बसू नकोस. मला खात्री आहे तिला हायसं वाटेल, तिलाही तुझी काळजी असणारच.

आता बीपीचं. शनिवारच्या आत डॉक्टरांना एक फोन कर आणि गोळीचं नाव सांगून विचार. बीपीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे बीटा ब्लॉकर असतात त्यांनी, हृदयाचे ठोके फारसे वाढतच नाहीत, मग घड्याळात आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच आणखी जोर लावतो. त्यापेक्षा साधी खूण ठेव, एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर जोर कमी करायचा. छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच थांबायचं आणि ट्रेनरला सांगायचं, त्यात लाजायचं नाही.

क्लासच्या पंधरा मिनिटं आधी पोच आणि ट्रेनरला सांग की पहिलीच वेळ आहे, बीपी आहे, सीट लावून द्या. सगळा खेळ सीटचा आहे गं. बाइकशेजारी उभी राहिलीस की सीट साधारण कंबरेच्या हाडाच्या उंचीला हवी, आणि बसून पेडल अगदी खाली नेलं की गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. सीट खाली राहिली की गुडघ्याची वाटी दुखते, फार वर गेली की गुडघ्याच्या मागे ओढ बसते. हँडल वरच ठेवायला सांग, वाकून बसायची हौस नंतर. पेडलमध्ये अडकून बसणारे क्लिपवाले शूज देत असतील तरी आधी आपले स्पोर्ट्स शूज आणि पेडलचा पट्टा बरा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. आपली रस्त्यावरची सायकल पाय थांबवले तरी नुसती घरंगळते, इथे बऱ्याचशा बाइक्सचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं, त्यामुळे पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतात, आईच्या पायमशीनचं चाक आठव. म्हणून वेगात पाय झटकन काढायचा नाही. समोर एक नॉब असतो, उजवीकडे फिरवला की जड होतं, डावीकडे हलकं, आणि बहुतेक बाइकवर तोच खाली दाबला की ब्रेक लागतो. बसल्या बसल्या आधी तो ब्रेक एकदा दाबून बघ.

आणि तुझी खरी सुटका त्याच नॉबमध्ये आहे, कारण तो किती फिरवलास हे शेजारच्या बाईलाही कळत नाही. ट्रेनर ओरडेल "अजून एक वळसा!", तू अर्धाच दे. नुसतं हलकं ठेवून भरभर फिरवू नकोस हं, बूड सीटवर उडायला लागतं आणि गुडघ्यांना हिसके बसतात, थोडं जड हवंच. सगळे उभे राहिले तरी तू बसून चालव. क्लास सगळ्यांचा एकच असला तरी जोर ज्याचा त्याचा, पहिल्यापासून याची हीच तर गंमत आहे.

एवढं सांगतेय कारण पहिल्याच क्लासला ईर्ष्येने चालवून मांड्यांचे स्नायू इतके दुखावतात की त्यातला मोडलेला भाग रक्तात उतरून किडनीवर ताण येतो, असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. क्वचितच होतं, सरावातल्या तरण्या माणसांनाही होतं. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मांड्या नुसत्या भरून आल्या तर ते चालायचंच, पण सुजल्या, पाय वाकवता येईना, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर पेनकिलर न घेता थेट हॉस्पिटल गाठायचं.

बाकी पाण्याची बाटली, नॅपकिन, तासभर आधी एक केळं. गाण्यांचा आवाज सहन होत नसेल तर कानात बोळे घाल, बिनधास्त. बूड दुखेलच, पुढच्या वेळी पॅडवाली शॉर्ट घेता येईल. आणि निघताना लेकीला तुझ्या सीटच्या आणि हँडलच्या दांड्यावरच्या नंबरांचा फोटो काढून ठेवायला सांग, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा मापं घेत बसायला नको.